घरचं तेल

उकंडराव पाटलाची मोटार आली आणि गावातल्या बैलांचा मान उतरला. हे उघड कोणी बोललं नाही, कारण पाटलासमोर उघड बोलायची गावाला सवयच नव्हती. गाव कनेरगाव नाक्याच्या अलीकडे, मोगलाईच्या, म्हणजे निजामाच्या मुलखाच्या, अगदी काठावर. नाक्यापलीकडे वऱ्हाड, इंग्रजी अंमल. तिकडच्या एका शेठजीनं टाकून दिलेली मोटार पाटलानं वाशिमहून उचलून आणली, मागं फळ्यांची बाकं ठोकली, वर ताडपत्री ताणली आणि नाक्यापासून हिंगोलीपर्यंत बाजारकरू माणसं न्यायचा धंदा मांडला. लढाईचे दिवस होते. पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं, टायर कशावरच मिळत नव्हते. तरी मोटार चालायची, म्हणजे जेव्हा चालायची तेव्हा चालायची.

सटवाजी त्याच गावचा बारका शेतकरी. हिंगोलीच्या सडकेला लागून त्याचं काळं रान होतं आणि त्या रानापेक्षा देखणी बैलजोडी होती, हरण्या आणि पवळ्या. माणूस कष्टाळू, अंगानं बळकट, पण एक खोड होती. पाटलानं शाबास म्हटलं की त्याला दिवसभर भूक लागत नसे. पाटलाची वेठ गावात सगळेच करत. बोलावणं आलं की हातातलं टाकून जायचं, काम करायचं आणि काही न मागता परत यायचं. बाकीचे मनात शिव्या घालत जात. सटवाजी बोलावण्याच्या आधीच जाऊन उभा राहायचा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, तो असाच पाटलाच्या आवारात हजर होता. घरची जोडी दावणीला तशीच ठेवून पाटलाच्या बैलांचे खांदे हळद-तेलानं चोळत होता. पलीकडे मोटार उभी होती, पुढचं पत्र्याचं झाकण वर केलेलं, आणि ग्यानबा ड्रायव्हर आत डोकं घालून बसला होता. हा ग्यानबा शिरड शहापूरकडचा, उमेदीत वऱ्हाडात मोटारी हाकून शिकलेला. बायको रूपाबाईला घेऊन पाटलाच्याच एका खोपटात राहायचा.

"मालक," ग्यानबा हात पुसत म्हणाला, "मशीनचं तेल सरलं. वाशिमला गेलतो, लढाईपायी मिळून न्हाई राहिलं. आतून टिकटिक येऊन राहिली. अशीच पळवली तं जाम हुईल."

पाटील ओसरीवर पान लावत बसला होता. "उद्या तोरणाखालून पहिली मोटार जाईल म्हून मी सांगून बसलो," तो म्हणाला. "मंग काय तुला झूल घालून नेऊ?"

सटवाजीच्या हातात तेलाची वाटी होती. बैलाच्या खांद्यावरून हात फिरवता फिरवता त्याला सुचलं, आणि सुचलं ते पोटात ठेवणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"मालक, एक बोलू? तेल ते तेल. गाडीच्या आसाला आमी करडीचंच घालतो. बैलाच्या खांद्याला तेच, आपल्या पोटात तेच. मोटारीनंच काय घोडं मारलं?"

"सटवाजीभाऊ, हे आसाचं काम न्हाई," ग्यानबा म्हणाला. "याच्या आत आग असती."

पण पाटलाला ते भलतंच आवडलं. "बघ ग्यानबा, तू वाशिम पालथी घातली अन् या गड्याला बैल चोळता चोळता सुचलं. घरचं तेल हाय, निर्मळ. सटव्या, तुह्या घरी हाय का ताजं?"

सटवाजी धावतच घरी गेला. यंदाची करडी घाण्यावरून गाळून आणलेली, ती चिनी मातीची बरणी मनकर्णानं फडकं बांधून कोनाड्यात ठेवली होती. वर्षाचं तेल होतं. मनकर्णा म्हणाली, "आवं, वाटीभर न्या. सगळंच काहून?" पण पाटलाकडे अर्धी बरणी घेऊन कसं जायचं? त्यानं बरणी खांद्यावर घेतली.

पाटलानं स्वतःच्या हातानं तेल ओतलं. ग्यानबानं हॅण्डल मारलं. मोटार घरघरली, आणि थोड्या वेळानं टिकटिक खरंच बंद झाली. ग्यानबानंही कान देऊन ऐकलं आणि झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी मोटारीच्या नाकाडाला शेंदूर फासला, झेंडूच्या माळा घातल्या, आणि गावातल्या मानाच्या बैलांना मागं ठेवून तिला तोरणाखालून काढली. त्या वेळी साऱ्या गावादेखत पाटलानं सटवाजीच्या पाठीवर थाप मारली. त्या रात्री सटवाजी पुरणपोळी खाताना दोनदा हसला. मनकर्णानं विचारलं नाही, कारण तिला ठाऊक होतं.

पुढं बरेच दिवस मोटार गेली की मागं तळणाचा वास राहायचा. बाजारकरू बायका म्हणायच्या, पाटलाच्या मोटारीत बसलं की भजी तळल्यावानी वाटतं. हिंगोलीच्या अड्ड्यावर पाटील सांगायचा, आपली मोटार घरच्या तेलावर चालती. सटवाजी तेव्हा जवळपास असला तर पुढं सरकून उभा राहायचा.

आश्विन लागला. पाऊस उघडला, काळ्या रानाला पेरणीजोगा वापसा आला, आणि लोक ज्वारी-करडीच्या पेरणीला लागले. रब्बीचं रान वाट बघत नाही. ऊन वाढत जातं तशी ओल खाली उतरते, आणि एकदा का ती तिफणीच्या फणाखाली गेली की बी मातीत पडून नुसतं उन्हात भाजतं. सटवाजीनं तिफण सुताराकडून नीट करून आणली होती. सकाळी जोडी जुंपली, बी पेरत दोन तासं काढली, आणि सडकेच्या चढावर मोटार येऊन उभी राहिली.

आधी आवाज आला. टिकटिक नव्हे, खाडखाड. उखळात कोणी लोखंड घालून कुटावं तसा. मग एक लांब कण्हणं, आणि मोटार थांबली. ग्यानबा खाली उतरला. माणसंही उतरली. चढाच्या पायथ्याला सटवाजीचं रान, त्यामुळे त्याला सगळं ऐकू येत होतं. एक म्हातारा म्हणाला, "वात धरला असंल तिला." दुसरा म्हणाला, "दाट बसवली माणसं, दम लागला." एक बाई म्हणाली की आवाज डावीकडून येतो, तर तिच्या नवऱ्यानं तिला गप्प केलं, मोटारीला डावं-उजवं काय असतं म्हणून. ग्यानबानं हॅण्डल मारून पाहिलं. गरम असताना चालू होऊन पुन्हा मरायची. थंड होऊ दिली तर हॅण्डलच फिरेना.

पाटील पुढच्या बाकावर बसून होता. त्यानं मान वळवली आणि रानाकडे बोट केलं. "सटव्याची जोडी आणा."

सटवाजीनं तिफण सोडली. जोडी सडकेवर घेतली, मोटारीच्या पुढच्या आडव्याला दोर बांधला. हरण्या आणि पवळ्यानं माना खाली घातल्या, खुरं रुतवली आणि माणसांनी भरलेली मोटार चढावर ओढली. माणसं परत आत बसली होती. बैलांनी ओढायचीच आहे तर चालायचं कशाला, असं त्यांना वाटलं असणार.

दोर सोडायला सटवाजी मोटारीखाली वाकला तेव्हा तिच्या पोटातून काही तरी ठिबकत होतं. थेंब पडत नव्हता, तारेसारखा लांबत होता. त्यानं बोट लावलं. बोट चिकटलं. वास घेतला. हा वास तो लहानपणापासून ओळखत होता. विहिरीवरच्या मोटेचं चामडं पाण्यानं कुजू नये म्हणून दर साली करडीचं तेल कढवून कढवून त्याचं रोगण करायचं आणि मोटेला फासायचं, हे त्याच्या हातचं काम. करडीचं तेल तापलं की घट्ट होतं, चिकट होतं, आणि शेवटी चामड्यावर वार्निशासारखं बसून राहतं. सगळं त्याला पाठ होतं. फक्त मोटारीत आग असते, आणि आगीवर तेल ठेवलं की त्याचं काय होतं, या दोन गोष्टी त्यानं एकमेकींशेजारी कधी ठेवल्या नव्हत्या. गाडीच्या आसाला आग नसते.

त्यानं बोट धोतराला पुसलं.

संध्याकाळी मनकर्णानं धोतर धुवायला उचललं आणि थांबली. "मोटेला रोगण लावलं का आज?"

"न्हाई."

ती धोतराचा सोगा बोटांत चोळत राहिली. ती काही वेडी नव्हती. "त्या बरणीतलं हाय हे," ती म्हणाली. "मोटारीत रोगण झालं त्याचं. आवं, सांगून टाका मालकाला. तेल काढून टाकतील, मोटार सुटंल, आपली जोडी सुटंल. ओल चालली खाली."

"सांगू काय? तुमी मह्या सांगण्यावरून मोटार बुडवली, असं सांगू?"

"त्यांनी घातलं की त्यांच्या हातानं."

"तेच तं." सटवाजी भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवून बसला. "तेच तं सांगता येत न्हाई."

मग रोजचंच झालं. सकाळी माणसांनी ढकलून मोटार कशीबशी सुरू करायची, मग ती चढावर यायची, खाडखाड करायची, मरायची. सटवाजीची तिफण रानात आडवी पडायची. कधी चढाच्या माथ्यापर्यंत ओढायची, कधी गावापर्यंत, तर कधी थेट हिंगोलीच्या निम्म्या वाटेवर नेऊन सोडायची. परत येईपर्यंत ऊन कलायचं, आणि बैल चारा खायलाही वाकायचे नाहीत. पवळ्याचा खांदा आला. सुजून टम्म झाला, हात लावू देईना. सटवाजीनं पाटलाला दाखवलं. पाटलानं दुरूनच पाहिलं आणि म्हणाला, "दुसऱ्या बाजूला जुप."

पाटलालाही चैन नव्हती. हिंगोलीच्या अड्ड्यावर लोक आता त्याला हसायला लागले होते. एकानं तर विचारलं, पाटील, तुमची मोटार चारा किती खाती? पाटलाला हसणं सोसत नव्हतं, आणि ते कोणावर तरी उतरल्याशिवाय राहणार नव्हतं. मोटार पुन्हा चढावर अडली तशी त्यानं पुंजाजीला सडकेवरच बोलावलं. पुंजाजी गावातला जनावरांचा वैदू. बैलाची हाडं बसवायचा, दुखण्यावर डाग द्यायचा. पुंजाजीनं मोटारीच्या नाकाडाला कान लावला, मागं जाऊन वाकून पाहिलं, आणि सांगितलं की छातीत भरलंय, डाग द्यावा लागंल. लोकांना वाटलं पाटील रागावेल. पण तो म्हणाला, दे. विळा लाल करून पुंजाजीनं पत्र्यावर दोन डाग दिले. रंग फुगून करपला. विळ्याची मूठ धरून मदत करायला सटवाजी होताच. दुखणं तेलाचं आहे हे कळणारे तिथं दोघंच होते, तो आणि ग्यानबा.

ग्यानबा मात्र गप्प बसला नाही. सडकेवरच, माणसांदेखत, तो पाटलाला म्हणाला, "मालक, हे डाग देऊन बरं व्हायचं न्हाई. तेलानं झालं हे. करडीचं तेल आत जळून चिकटलं. खालचं भांडं खोलू द्या, रॉकेलनं धुऊ द्या."

पाटलाचा चेहरा ताठ झाला. तेल त्यानं स्वतः ओतलं होतं, आणि हिंगोलीपर्यंत स्वतः सांगत सुटला होता. तो ग्यानबाकडे न बघता सटवाजीकडे वळला. "सटव्या, तुला काय वाटतं?"

सटवाजीला कळलं की आता बोलायचं ते हेच. खरं बोललं तर ग्यानबा सुटेल, बैल सुटतील, आणि त्याची स्वतःची पाठ सोलून निघेल. तो म्हणाला, "मालक, मोटारीचं मला काय कळतं? पण जनावर बिघडतं ते हाकणाऱ्याच्या हातानं. चढाला लई मारतो हा तिला. मी रानातून रोज ऐकून राहिलो."

ग्यानबा त्याच्याकडे बघत राहिला. त्याला राग आला नसावा. आपण काय ऐकलं याचीच त्याला खातरी पटत नव्हती.

"मार हॅण्डल," पाटील ग्यानबाला म्हणाला.

"मालक, थंड झाली. फिरणार न्हाई आता."

पाटलानं बाजूच्या रानातून शेणकुटं आणायला लावली, पेटवून मोटारीच्या पोटाखाली आर केला, म्हणजे आतलं ऊन होऊन सुटेल. धूर होऊन सगळ्यांचे डोळे चुरचुरले. आर धगला, पत्रा तापला, तसा ग्यानबा पुढं गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी हॅण्डल रेटू लागला. हॅण्डल अर्ध्यावर अडलं. त्यानं पुन्हा जोर केला. मोटार एकदाच धडकन पेटली आणि हॅण्डल उलटं फिरलं. मनगटाचा आवाज झाला. वाळलेली तुराटी मोडावी तसा, फार मोठा नाही. ग्यानबा मागं पडला. त्याचा उजवा पंजा भलत्याच बाजूला लोंबत होता.

पाटील बाकावरून उतरला, जवळ आला, हाताकडे पाहिलं. "दुसरा हात हाय ना?" तो म्हणाला.

मोटारीत माणसं बसली होती. कोणी चंची काढली, कोणी ताडपत्रीकडे पाहिलं. एका बाईनं लेकराचं तोंड आपल्या पदराखाली फिरवलं. ग्यानबा उठला. डाव्या हातानं हॅण्डल धरलं आणि रेटलं. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती. हॅण्डल फिरलं नाही. त्यानं परत रेटलं. पाटील बस म्हणेना आणि तो थांबेना. शेवटी पाटलालाच कंटाळा आला असावा. तो म्हणाला, "सटव्याची जोडी जुपा."

सटवाजीनं जोडी जुंपली. सुजल्या खांद्यावर जू पडताच पवळ्या हंबरला. सटवाजीनं त्याला पराणी टोचली, आणि टोचल्याबरोबर त्याला स्वतःचीच किळस आली. पण दोर ताठ झाला होता आणि मोटार हलली होती, आणि पाटील वरून म्हणाला, "बराबर. असंच चालू दे."

ग्यानबाचा हात पुंजाजीनं कामट्या बांधून बसवला. बैलाचा पाय बसवायची सवय, तो वाकडाच बसला.

शेवटी पाटलानं वाशिमहून संतराम मिस्त्रीला आणलं. मिस्त्री वऱ्हाडातला, कामात जुना. त्यानं पाटलाच्या आवारात मोटारीखाली पोतं टाकलं, वर बघत निजला आणि खालचं भांडं सोडवू लागला. आवारात बरीच माणसं जमली होती. भांडं सुटता सुटेना. मग ओढून काढलं तेव्हा त्यात तेल नव्हतं. मधासारखा दाट तपकिरी चीक होता, कडेला वाळून कातडं झालेलं. मिस्त्रीनं पट्टीनं खरवडला, बोटांत ताणून पाहिला.

"हे काय टाकून ठेवलं बे?" तो म्हणाला. "आतलं सारं धरून बसलं. मशीन गेली पाटील, हिच्यात काई राह्यलं नाई. कोणी सांगतलं हे टाकाले?"

चिकाचा वास सगळ्यांच्या नाकात गेला होता. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या विहिरीवर मोट होती, आणि रोगण कशाचं होतं हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. ग्यानबा एका अंगाला गळ्यात हात बांधून उभा होता.

"ग्यानबा," पाटील हळूच म्हणाला, "काय घातलं व्हतं?"

"मालक, तुमी तुमच्या हातानं घातलं, ते."

पाटलानं पानाचा डबा उघडला, मिटला. मग त्याची नजर माणसांवरून फिरत फिरत सटवाजीवर येऊन थांबली. त्या नजरेत राग नव्हता. पाटील वाट बघत होता. सटवाजीला ते कळलं. आयुष्यभर त्या तोंडाकडे बघून ज्यानं दिवस काढले, त्याला कळणार नाही तर कोणाला?

"मालक," सटवाजी म्हणाला, "मह्या घरचं तेल असं हुईलच कसं? मही बायको त्याचंच कोरड्यास करती. यानं मागनं काय तरी दुसरंच घातलं असंल. चांगलं काढून इकलं असंल अन् भलतंच घातलं."

प्रत्येकाला खोटं दिसत होतं आणि प्रत्येक जण पायाखालची माती बघत होता. मिस्त्रीनं एकदा सगळ्यांकडे पाहिलं. तो परक्या अंमलातला, त्याला हात धुवायचे होते. त्यानं हात धुतले.

"सटव्या म्हणतो तेच बराबर दिसतं," पाटील म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी मोकळं हसू आलं. "मला पहिल्यापासनंच शंका व्हती. ग्यानबा, खोपट रिकामं कर. आत्ता. सटव्या, तू जा संगं, याच्याच्यानं एका हातानं हुयाचं न्हाई."

खोपटात रूपाबाई चुलीशी बसली होती. तव्यावर भाकर होती. सटवाजी दारात उभा राहिला. मागं पाटलाचा गडी होता, तो जाऊन काय सांगेल याचा धाक होता. रूपाबाई म्हणाली, "भाऊ, तव्यावरची तेवढी होऊ द्या. हे सकाळधरनं उपाशी हायत."

सटवाजीनं फडक्यानं धरून तवा उतरवला आणि बाहेर ठेवला. मग कणकेची परात, मग पाण्याची घागर, मग गोधड्या. भाकर एका बाजूनं कच्ची राहिली होती. रूपाबाईनं ती तशीच पदरात घेतली. तिनं शिवी दिली असती तर सटवाजीला बरं वाटलं असतं. ग्यानबा गोधडीत भांडी बांधत होता, पण एका हातानं गाठ बसेना. दातांनी ओढून पाहिली, तरी बसेना. शेवटी सटवाजीनं वाकून गाठ बांधून दिली. ग्यानबानं बांधू दिली. नवरा-बायको सडकेला लागली, शिरड शहापूरच्या वाटेनं, आणि एकदाही वळून पाहिलं नाही.

सटवाजीला वाटलं, संपलं. मशीन मेली म्हणजे वेठ सुटली. अजून चार बोटांवर ओल असेल, उद्या पहाटे तिफण धरायची. मनकर्णानं बी उपसून ठेवलं होतं. तो घराकडे निघाला तर पाटलानं हाक मारली.

मिस्त्री मोटारीचं मशीन सोडवत होता. लोखंडाला लढाईत भाव होता, त्यानं ते मोडीत घेतलं होतं. पाटील मोटारीच्या चाकाला पायानं ठोकर मारून बघत होता.

"चाकं चांगली हायत," तो म्हणाला. "बाकं चांगली हायत. मशीन गेली म्हून काय धंदा बंद करू? हलकी झाली उलटी. उद्यापासनं तुही जोडी लावायची पुढं. ग्यानबाच्या जागी तू."

"मालक, पेरणी राहिली. पवळ्याचा खांदा..."

"लोक हसून राहिले मला, ते बंद करायचं हाय," पाटील म्हणाला. त्यानं पुढं येऊन सटवाजीच्या पाठीवर हात ठेवला. "दुसऱ्या कोणाची जोडी लावू? साऱ्या गावात मह्या बाजूनं बोलणारा तू एकटा निघाला. मह्या भरवशाचा तू एकटाच हाइस."

नाही म्हणायचं तर का नाही, हे सांगावं लागलं असतं. पाटील जाणूनच होता, हे सटवाजीला तेव्हा कळलं. तेलाचंही, ग्यानबाचंही, आणि सटवाजी किती भितो याचंही. पाठीवरचा हात उबदार होता, आणि त्याला पहिल्यांदाच त्या हाताची भीती वाटली.

घरी त्यानं मनकर्णाला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. कोनाड्यातली रिकामी बरणी उतरवून ती पालथी घालत म्हणाली, "रूपाबाई भाकर कच्चीच घेऊन गेली म्हणं." मग उपसलेलं बी परत कणगीत टाकायला गेली.

कार्तिकात सडकेच्या दोन्ही अंगांना ज्वारी वीतभर आली. मोटार आता घड्याळाला बांधल्यासारखी वेळेवर निघायची. पुढं झाकणाखाली मशीनच्या जागी पाटलानं बाजारातली पोती भरायला सुरुवात केली होती, त्यामुळे ती हलकी काही राहिली नव्हती. पाटील स्वतः वळवायच्या चाकाशी बसायचा, नुसता हात ठेवून. सटवाजी बैलांबरोबर पायी चालायचा. माणसं खूश होती. खाडखाड नाही, धूर नाही, चढावर उतरा म्हणणं नाही.

त्या दिवशी चढ लागला तसा पवळ्या थांबू थांबू पाहत होता. खांद्याची जखम उघडी पडली होती, माश्या उठत नव्हत्या. डाव्या हाताला सटवाजीचं रान आलं. साऱ्या हिरव्या शिवारात तेवढंच काळं, भेगाळलेलं. मनकर्णा बांधावर उभी राहून गवत कापत होती. तिनं मान वर केली आणि विळा हातातच राहिला.

पुढच्या बाकावर साखरा गावचा कोणी सोयरा बसला होता, पाटलाचा पाहुणा. त्याला जनावराची पारख असावी. बराच वेळ तो जोडीकडे बघत होता.

"जोडी झ्याक हाय," तो पाटलाला म्हणाला. "खांदा आला तरी ओढून राहिली. कोणाचे हो बैल?"

पाटील चाकावर हात ठेवून सटवाजीकडे बघत राहिला, आवारात बघत राहिला होता तसाच. बांधावरून मनकर्णा बघत होती. तिला ऐकू जाईल इतकी ती जवळ होती.

सटवाजीनं पवळ्याच्या शेपटाला पीळ दिला.

"मालकाचे," तो म्हणाला.